राजाचा भांग आणि न चाललेली गिनी

आमच्या घरी एक गिनी आहे. म्हणजे आजीची. सोनाराच्या त्या ठरलेल्या गुलाबी कागदात गुंडाळलेली असते आणि वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, पाटावर येते. पूजा झाली की परत कपाटात. लहानपणी मला वाटायचं की तिच्यावरचा दाढीवाला माणूस आमचा कोणीतरी पूर्वज असणार. (आजोबांच्या वडिलांच्या फोटोतली दाढी अगदी तश्शीच आहे.) नंतर कळलं की ते पंचम जॉर्ज.

मागच्या दिवाळीत पहिल्यांदाच ती गिनी भिंगाखाली धरून नीट पाहिली. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज, आणि खाली १९१८. या सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, एक इवलंसं इंग्रजी 'आय' हे अक्षर. आता आपण पडलो इंजिनियर, दिसलेल्या अक्षराचा अर्थ लावल्याशिवाय झोप कुठली! शोधाशोध केल्यावर कळलं की तो 'आय' म्हणजे इंडिया. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडे लंडनच्या रॉयल मिंटने चक्क मुंबईत आपली शाखा उघडली होती आणि १९१८ या एकाच सालाच्या जवळपास १३ लाख गिन्या तिथे पाडल्या होत्या. म्हणजे आजीची गिनी परदेशातून आलेलीच नाही, ती अस्सल मुंबईकर. :)

(एक खुलासा आत्ताच करून टाकतो, नाहीतर कोणीतरी चूक काढेलच. आपण जिला गिनी म्हणतो ती खरी गिनी नव्हे. खरी गिनी १६६३ साली सुरू झाली आणि १८१४ नंतर पाडली गेली नाही. १८१७ पासून जे एक पौंडाचं सोन्याचं नाणं निघालं त्याचं नाव सॉव्हरिन. पण आपल्याकडे सोनारापासून आजीपर्यंत सगळे त्याला गिनीच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणणार.)

तर त्या शोधाशोधीत नको त्या पानावर जाऊन पोचायचं ते पोचलोच. बातमी जानेवारी २०२०ची होती. रॉयल मिंटने एका संग्राहकासाठी अमेरिकेतल्या एका खाजगी संग्रहातून एक गिनी मिळवून दिली. किंमत १० लाख पौंड. तेव्हाच्या दराने नऊ कोटी रुपयांच्या वर. तोपर्यंत कुठल्याच ब्रिटिश नाण्याला एवढी किंमत आली नव्हती. आणि गंमत म्हणजे वजन तेच, ७.९८ ग्रॅम. सोनं तेच, २२ कॅरट. मागचा घोडाही तोच. फरक एवढाच, की पुढच्या बाजूला आजीच्या गिनीवरच्या राजाचा थोरला मुलगा आहे. आठवा एडवर्ड. आणि ते नाणं कधीच चलनात आलं नाही.

एडवर्डची गोष्ट बहुतेकांना त्या एका वाक्यापुरती माहीत असते: प्रेमासाठी राज्य सोडणारा राजा. २० जानेवारी १९३६ला पंचम जॉर्ज वारले आणि हा गादीवर आला. वॉलिस सिम्प्सन या अमेरिकन बाईंशी लग्न करायचं त्याच्या मनात होतं. बाईंचा एक घटस्फोट आधीच झालेला आणि दुसरा वाटेवर. पंतप्रधान बाल्डविन, चर्च, सगळे विरोधात. १० डिसेंबरला त्याने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली आणि ११ला तो राजा उरला नाही. एकूण कारकीर्द ३२६ दिवस. आमच्याकडे एखाद्या माणसाचं प्रोबेशन संपून कन्फर्मेशनचं पत्र हातात पडायलाही जवळपास एवढाच वेळ लागतो. प्रेमकथेवर ढिगाने पुस्तकं आणि सिनेमे आहेत, ती इथे पुन्हा सांगत नाही. मला खिळवून ठेवलं ते या ३२६ दिवसांत टांकसाळीत काय चाललं होतं त्याने.

राजा बदलला की नाणी लगेच बदलतात अशी माझी समजूत होती. तसं अजिबात नसतं. पूर्ण वर्षभराचं काम असतं ते. आधी शिल्पकार राजाचं मोठं, ताटाएवढं चित्र प्लास्टरमध्ये उठावात करतो. ते राजाला दाखवायचं, समितीला दाखवायचं, बदल करायचे, पुन्हा दाखवायचं. (ओळखीचं वाटतंय?) मंजूर झालं की त्या प्लास्टरवरून धातूची कडक प्रत बनवायची आणि ती रिड्यूसिंग मशीनला लावायची. हे यंत्र म्हणजे एक कमाल आहे. एका टोकाला एक बोथट सुई त्या मोठ्या चित्रावरून गोल गोल, अगदी हळूहळू फिरत राहते, आणि दुसऱ्या टोकाला एक कटर तीच हालचाल नाण्याच्या मापात, पोलादावर कोरत जातं. तासन् तास. त्यातून तयार होतो मूळ ठसा. त्यावरून उलटा साचा, त्या साच्यावरून पुन्हा कामाचे ठसे, आणि त्या ठशांवरून शेवटी नाणी पाडायचे डाय. मूळ ठसा जपून ठेवायचा, डाय झिजले की नवे काढायचे. सोर्स कोड आणि बिल्ड, दुसरं काय! हे सगळं झाल्यावर थोडी नाणी पाडून बघायची. चित्राचा उठाव नीट येतोय का, कड बरोबर बसते का, नाणी एकावर एक रचली तर डुगडुगतात का. ही चाचणीची नाणी. आणि राजाला, समितीला दाखवायला त्यातलीच काही चकचकीत घासलेल्या डायने, घासलेल्या चकत्यांवर काढायची.

चाचणीच्या नाण्यांचा ब्रिटनमधला इतिहास जुना आणि भानगडींनी भरलेला आहे. त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६६३ साली थॉमस सायमन नावाच्या कोरीवकाराने दुसऱ्या चार्ल्सला एक नमुन्याचं नाणं सादर केलं. टांकसाळीचं काम रोटिअर नावाच्या परदेशी कारागिराकडे गेलं होतं, आणि सायमनचं म्हणणं होतं की माझं काम त्याच्यापेक्षा चांगलं आहे. मग त्याने काय करावं? नाण्याच्या कडेवर, हो, कडेवर, दोन ओळींत राजाला उद्देशून अर्जच कोरला: माझं नाणं त्या डचांच्या नाण्याशी ताडून पाहा आणि मला संधी द्या. नाण्याच्या जाडीत दोन ओळींचा अर्ज! काम काही त्याला मिळालं नाही. पण आज कोरीवकामाची उत्तम उदाहरणं काढायला बसलं की सायमनचं हे नाणं हटकून निघतं. रेझ्युमे लिहावा तर असा.

असो. एडवर्डकडे परत.

१९३६ साली टांकसाळ लंडनला टॉवर हिलवर होती आणि तिचे प्रमुख होते सर रॉबर्ट जॉन्सन. हुद्दा 'डेप्युटी मास्टर'. (खरा 'मास्टर' म्हणजे देशाचा अर्थमंत्री, पण तो नावापुरता. काम सगळं डेप्युटीचं. हेही ओळखीचं वाटेल.) जॉन्सनसाहेब जाणकार माणूस. १९२२ पासून ते त्या खुर्चीत होते आणि नाण्यांच्या चित्रांवर सल्ला देणारी समितीही त्यांच्याच काळात सुरू झाली. त्यांच्यापुढे नवा राजा आला आणि पहिल्याच झटक्यात म्हणाला, माझं तोंड डावीकडे पाहिजे.

यात एवढं काय, असं वाटेल. पण दुसऱ्या चार्ल्सपासून, म्हणजे १७व्या शतकापासून, इंग्लंडात एक रीत चालत आलेली आहे. प्रत्येक नवा राजा किंवा राणी नाण्यावर आधीच्याच्या उलट दिशेला बघते. व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पंचम जॉर्ज डावीकडे. कायदा नाही, नुसती रीत. पण एखादी रीत अडीचशे वर्षं पाळली की ती कायद्याहून घट्ट होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या हिशोबाने आठव्या एडवर्डने उजवीकडे बघायला हवं होतं. त्याला ते नको होतं. कारण? भांग. तो भांग डाव्या बाजूला पाडायचा. डावीकडे बघणाऱ्या चेहऱ्याची डावी बाजू दिसते आणि भांग दिसतो. उजवी बाजू दाखवली तर नुसता केसांचा झुपका दिसणार. आपली डावी बाजूच चांगली दिसते अशी त्याची पक्की समजूत होती.

हे वाचून मी आधी हसलो. साम्राज्य केवढं, आणि साहेबांची चिंता काय! पण मग लक्षात आलं की आपण तरी वेगळं काय करतो? पासपोर्टचा फोटो आवडला नाही म्हणून स्टुडिओवाल्याला तीन-तीनदा काढायला लावणारे मी स्वतः पाहिलेत. (त्यातला एक मी.) आणि याचा फोटो तर कोट्यवधी लोकांच्या खिशात जाणार होता, वर्षानुवर्षं.

टांकसाळीने समजावून पाहिलं, राजा हटला नाही. जॉन्सन नोकरीतला माणूस, शेवटी ऐकलं. टी. एच. पॅजेट या शिल्पकाराचं चित्र मंजूर झालं. पॅजेटने आधी हाच माणूस युवराज असताना त्याचं एका पदकासाठी चित्र केलं होतं आणि ते राजाला आवडलेलं. नाण्यावरचं चित्र खरंच सुरेख आहे. मुकुट नाही, दाढी नाही, कसला झगमगाट नाही. एक तरुण दिसणारा (तेव्हा तो ४२ वर्षांचा होता) नीट भांग पाडलेला माणूस डावीकडे बघतोय. आधीच्या दोन दाढीवाल्या राजांनंतर हे नाणं एकदम आधुनिक वाटतं. माझं प्रामाणिक मत विचाराल तर भांगाच्या बाबतीत राजाचंच बरोबर होतं.

मागच्या बाजूची चित्रंही त्याला नव्या वळणाची हवी होती, तीच ती ढालीची आणि मुकुटांची नक्षी नको होती. सगळं काही त्याच्या मनासारखं झालं नाही. पण फार्दिंगवर एक चिमुकला रेन पक्षी आला, अर्ध्या पेनीवर सर फ्रान्सिस ड्रेकचं 'गोल्डन हाइंड' जहाज आलं. आणि एक पूर्ण नवं नाणं ठरलं: १२ कोनांचं, पितळी रंगाचं तीन पेन्सचं. त्याच्यावर 'थ्रिफ्ट' नावाच्या झाडाचं चित्र होतं. थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. नाण्यावर कोटी करायची इंग्रजांची ही पद्धत मला आवडली. हे चित्र काढलं फ्रान्सिस मॅज किचनेर या बाईंनी. आपल्याकडे १९०२ ते १९०९ सरसेनापती असलेल्या लॉर्ड किचनेरची ही पुतणी.

हे १२ कोनी नाणं नव्याच आकाराचं असल्याने एक अडचण होती. सिगारेटची, चॉकलेटची, तिकिटांची नाणं टाकून चालणारी यंत्रं. त्यांत ते जाईल का? अडकेल का? म्हणून टांकसाळीने काही चाचणीची नाणी, एडवर्डच्या चेहऱ्यासकट, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना तपासायला दिली. थोडक्यात बीटा टेस्टिंग. आणि बीटा टेस्टर जे करतात तेच त्यांनी केलं: काही नाणी परत आलीच नाहीत. आज अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाणी बाहेर आहेत आणि पितळेच्या त्या तुकड्यांना सोन्याहून जास्त भाव आहे.

आता या सगळ्यात सोनं कुठून आलं? १९३६ साली इंग्लंडात सोन्याचं नाणं रोजच्या व्यवहारात नव्हतंच. महायुद्धात ते बाजारातून गेलं आणि सप्टेंबर १९३१मध्ये ब्रिटनने सुवर्णमानच सोडला. म्हणजे गिनी देऊन कोणी पाव-लोणी घेत नव्हतं. पण राज्याभिषेकाच्या वर्षी संग्राहकांसाठी सोन्याच्या नाण्यांचा खास संच काढायची पद्धत होती, आणि १९३७च्या मे महिन्यात एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता. त्या संचासाठी पाच पौंड, दोन पौंड आणि एक पौंड, म्हणजे आपली गिनी, अशी सोन्याची नमुना-नाणी पाडून झाली. मागच्या बाजूला पिस्त्रुचीचा १८१७ सालचा तोच घोडेस्वार, पुढे भांग पाडलेला राजा, आणि साल १९३७. कारण नवी नाणी १९३७च्या सुरुवातीपासून यायची होती.

तोपर्यंत १९३६चं वर्षभर टांकसाळ गेलेल्या पंचम जॉर्जच्या चेहऱ्याचीच नाणी काढत होती. आपल्याकडे भारतातही १९३६ सालची नाणी जॉर्जच्याच तोंडाची आहेत. पोस्टाने मात्र बाजी मारली, सप्टेंबरमध्ये एडवर्डची चार तिकिटं बाजारात आणली. तिकीट छापायला सोपं. नाणं बसलं परफेक्शनच्या नादात.

आणि डिसेंबरात सगळं कोसळलं. डाय तयार, चित्रं मंजूर, नमुने तयार, काही आठवड्यांत उत्पादन सुरू, आणि राजाच गेला!

इथे मला आमचं एक प्रोजेक्ट आठवल्याशिवाय राहिलं नाही. दीड वर्ष खपून केलं होतं. गो-लाइव्हला दोन आठवडे असताना क्लायंटची कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली आणि सोमवारी सकाळी एका ओळीचा मेल आला की काम थांबवा. कोड तसाच सर्व्हरवर पडून राहिला. प्रोजेक्टच्या नावाचे टी-शर्ट मात्र आधीच छापून आले होते. माझा अजून आहे, झोपताना घालतो. त्या टी-शर्टवरची तारीख जशी कधी आलीच नाही, तसं एडवर्डच्या गिनीवरचं साल. १९३७ साली तो एकही दिवस राजा नव्हता. त्याच्या प्रत्येक ब्रिटिश नाण्यावरचं साल आणि चेहरा एकमेकांशी जुळतच नाहीत. मला त्या नाण्यातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

पॅजेटचं काय झालं असेल त्या दिवशी, असं सारखं मनात येतं. त्याला निराश व्हायलाही सवड मिळाली नसणार. धाकटा भाऊ सहावा जॉर्ज गादीवर आला, राज्याभिषेकाची तारीख तीच राहिली, १२ मे १९३७. फक्त राजा वेगळा. आणि नव्या राजाचं नाण्यावरचं चित्रही पॅजेटचंच निवडलं गेलं. डेडलाइन तीच, रिक्वायरमेंट बदलली. त्याने काम वेळेत करून दिलं. रेन पक्षी राहिला, जहाज राहिलं, थ्रिफ्टचं झाडही राहिलं. १९३७ची ती नाणी घेऊन इंग्लंडची एक अख्खी पिढी वाढली, आणि त्यांतली ही चित्रं मूळची दुसऱ्याच राजासाठी ठरली होती हे बहुतेकांच्या गावीही नसेल.

आणि दिशा? सहाव्या जॉर्जला डावीकडे बघताना दाखवलं. म्हणजे एडवर्डने रीतीप्रमाणे उजवीकडे बघितलं होतं असं गृहीत धरून, त्याच्या उलट! त्याची नाणी जणू निघालीच, आणि रीतीप्रमाणेच निघाली. ऐतिहासिक डेटा पॅच करण्याचं इतकं सभ्य उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे एलिझाबेथ उजवीकडे बघत राहिली, २०२२ साली आलेला चार्ल्स डावीकडे बघतो. साखळी अखंड. रांगेत पंचम आणि सहावा जॉर्ज लागोपाठ डावीकडे बघतात, त्यांच्या मधल्या फटीत एडवर्ड गडप आहे.

नमुन्याची नाणी आता करायची काय? वितळवली नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून, सील करून, डेप्युटी मास्टरच्या तिजोरीत ठेवून दिली. जॉन्सन १९३८ साली गेले. खोकी तशीच राहिली. मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं, साम्राज्य गेलं, टांकसाळीचे प्रमुख बदलत राहिले, आणि ती उघडली गेली थेट १९७० साली.

या मधल्या काळातली एक गोष्ट मला चटका लावून गेली. राज्य सोडल्यावर एडवर्डला, आता 'ड्यूक ऑफ विंडसर', आपल्या नाण्यांचा एक संच आठवण म्हणून हवा होता. त्याने तो मागितला. सहाव्या जॉर्जने, म्हणजे सख्ख्या भावाने, नाही म्हटलं. ही नाणी अधिकृतपणे निघालेलीच नाहीत, तेव्हा ती देता येत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर आहे. नाण्याचं नाणेपण राजाज्ञेने येतं, ती आज्ञा निघालीच नव्हती. पण तरीही! ज्या चेहऱ्यासाठी त्याने अडीचशे वर्षांची रीत मोडायला लावली, त्या चेहऱ्याचं एक नाणंही त्याला मिळू नये? दोन भावांमध्ये त्या वर्षात काय काय झालं असेल ते आपल्याला वाड्याच्या वाटण्या पाहिलेल्या लोकांना समजू शकतं. भांडण वाटीवरून असतं, पण वाटीसाठी नसतं. १९७२ साली पॅरिसमध्ये तो वारला.

आज त्या १९३७च्या गिन्या एकूण सहा माहीत आहेत. चार संग्रहालयांत आणि संस्थांत, दोन खाजगी हातांत. सहाव्या जॉर्जचे त्याच साली निघालेले सोन्याचे संच आहेत ५,५०१. एक खाजगी गिनी २०१४ साली लंडनच्या लिलावात ५ लाख १६ हजार पौंडांना गेली, मग २०२०चा तो १० लाखांचा सौदा झाला. आणि मार्च २०२१मध्ये अमेरिकेत एडवर्डच्या सोन्याच्या पाच पौंडांच्या नाण्याला २२ लाख ८० हजार डॉलर आले. सोळा कोटींच्या वर. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: खुद्द टांकसाळच २०२०च्या सौद्यात मध्यस्थ होती, म्हणजे ब्रिटिश सरकारला ही नाणी खाजगी हातात असण्याचं काही वावडं नाही. अमेरिकेत याच्या उलट. तिथे १९३३चं २० डॉलरचं सोन्याचं नाणं असंच पाडून चलनात न आणलेलं, तर ते ज्यांच्याकडे सापडलं त्यांच्यामागे सरकार वर्षानुवर्षं कोर्टात हात धुवून लागलं. कायदेशीरपणे खाजगी मालकीचं असं एकच नाणं आहे, ते २०२१ साली १ कोटी ८८ लाख डॉलरला गेलं. दोन्हीकडे नाणं सोन्याचं, दोन्हीकडे न चाललेलं, आणि सरकारची वागणूक अशी.

या किमती कशाच्या? दुर्मिळपणाच्या म्हणावं तर तेवढंच दुर्मिळ पण कोणी विचारत नाही असं बरंच काही जुन्या टांकसाळींतून निघालेलं आहे. माझ्या मते हे पैसे गॉसिपचे आहेत. वॉलिसबाई नसत्या तर एडवर्डची नाणी लाखांनी निघाली असती आणि सोनाराकडे वजनावर मिळाली असती.

आता आपल्याकडे येऊ. या माणसाचा आणि आपला संबंध नुसता पुस्तकी नाही. नोव्हेंबर १९२१मध्ये युवराज असताना तो मुंबईत उतरला. गांधीजींनी बहिष्काराची हाक दिलेली होती, १७ तारखेला तो आला त्याच दिवशी शहरात दंगल उसळली आणि पुढचे काही दिवस मुंबई पेटलेली होती. त्याच दौऱ्यात तो पुण्याला आला आणि शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसवली गेली. पुढाकार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. तिथला तो भव्य अश्वारूढ पुतळा पुढे १९२८ साली उभा राहिला, शिल्पकार करमरकर. पुण्यात कित्येक वर्षं त्या भागातून जातोय, पण भांगवाला राजा आणि तो घोडा यांचा काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. (मुंबईच्या म्युझियमला जे प्रिन्स ऑफ वेल्सचं नाव होतं ते मात्र याचं नव्हे, याच्या वडिलांचं. १९०५ साली ते युवराज म्हणून आले होते.)

दुसरा संबंध नाण्यांचाच. त्या काळच्या ब्रिटिश नाण्यांवर राजाच्या नावापुढे 'इंड इंप' अशी अक्षरं असायची, लॅटिनमध्ये 'भारताचा सम्राट'चा शॉर्टफॉर्म. १९४९पासूनच्या नाण्यांवरून ती गेली, कारण उघड आहे.

आणि तिसरा संबंध माझ्या टेबलावर आहे. वर म्हटलं की एडवर्डचं नाणं चलनात आलंच नाही, ते ब्रिटनपुरतं खरं. साम्राज्यात काही ठिकाणी मधोमध भोक असलेली नाणी चालायची: फिजी, न्यू गिनी, पूर्व आणि पश्चिम आफ्रिका. भोक असल्याने राजाचा चेहरा नसायचा, नुसतं नाव. चेहरा नाही म्हणजे शिल्पकार नको, प्लास्टर नको, भांगाची चर्चा नको. नाव बदललं की झालं! ती १९३६ सालातच निघाली, एडवर्डच्या नावाने, आणि बाजारात चाललीही.

तसंच आपल्याकडे संस्थानांत. जोधपूरने त्याच्या नावाने नाणी काढली, आणि कच्छने. कच्छच्या भुजला स्वतःची टांकसाळ होती, नाण्याला म्हणत कोरी. पद्धत अशी की एका बाजूला इंग्लंडच्या राजाचं नाव फारसी लिपीत, दुसऱ्या बाजूला कच्छच्या महारावांचं नाव नागरीत. चित्र कुणाचंच नाही. जानेवारी १९३६मध्ये राजा बदलला, भुजच्या कारागिराने नाव बदललं आणि कामाला लागला. लंडनची समिती प्लास्टरवरच्या केसांचा खल करत होती तेव्हा भुजमध्ये एडवर्डच्या नावाची चांदीची पाच कोरी लोकांच्या हातात खुळखुळत होती.

हे वाचल्यावर राहवलं नाही. फोर्टात एक जुन्या नाण्यांचे दुकानदार आहेत, त्यांच्याकडे गेलो. "एडवर्ड आठवा, कच्छ, आहे का?" म्हटलं. त्यांनी मान वर न करता एक डबा पुढे सरकवला. म्हणाले, "शोध यातच. तीन-चार असतील."

नऊ कोटी नाही लागले. दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढ्या पैशात काम झालं. किंचित काळपट, कड घासलेली, कोणाकोणाच्या कनवटीला राहून गुळगुळीत झालेली. एका बाजूची नागरी अक्षरं लागली, खेंगारजी वाचता आलं. फारसी मला येत नाही, तेव्हा दुकानदारांनीच बोट ठेवून दाखवलं. "हे बघ, एडवर्ड. आणि हे खाली, भुज. आणि साल." १९३६.

यंदा लक्ष्मीपूजनाला गिनीशेजारी ही पण ठेवीन म्हणतो. बाप-लेक एका पाटावर. आजी विचारेल हे काय, तर सगळं सांगायला निदान तासभर तरी लागेल.